उशीले हाडं नसतात

ताई, तू पडली तवा माही चिमी माह्या कडेवर होती अन् दुसऱ्या हातात तिची दुधाची बाटली. बाटली कुठं गेली ते मले आजवर माहीत नाही. चिमीले मी तुह्या आईच्या अंगावर टाकलं, देल्लं नाही, टाकलं. तू दम मोजाच्या त्या लाकडी खोक्यावर चढून-उतरून दाखवत होती, ताल देणारं यंत्र टिकटिक करत होतं, अन् तू बायाईले म्हणत होती, "पूर्ण पाय ठेवा वो, नुसती बोटं ना—" अन् तू खाली. माणूस पडते तं हात पुढं करते न, ताई? तू हात नाही टेकले.

विहाराच्या हॉलमधल्या बाया सगळ्या एकदम बोलाले लागल्या. चक्कर आली. उपाशी असन. नजर लागली पोट्टीले. एकीनं पाणी मारलं, एक कांदा आणाले पळाली, रस्त्यावरचा एक भैया आत घुसला अन् म्हणे, "मिरगी है, चप्पल सुंघाओ." आई चिमीले दुसरीकडं देऊन, खाली बसून तुहा गाल थोपटत होती, "प्रज्ञा, ए प्रज्ञा, उठ न बाप्पा, लोक पाहून राहिले." अन् तुहं तोंड उघडत होतं, मिटत होतं, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीवानी. बाया म्हणे श्वास चालू आहे, श्वास चालू आहे, हवा येऊ द्या.

तो श्वास नव्हता. तिथं एकट्या मलेच माहीत होतं, कारण तूच सांगितलं होतं. "मासोळीवानी तोंड हालते न सोनी, त्याले लोक श्वास समजतात अन् हातावर हात ठेवून बसतात. तू बसू नको." मी तुह्या गळ्याले बोटं लावली. काहीच नाही. मी ओरडली, "ॲम्बुलन्स बलाओ," अन् गुडघ्यावर बसली, तुही ओढणी काढून टाकली, छातीच्या मधात हाताचा तळवा ठेवला, त्यावर दुसरा, कोपर सरळ. अन् दाबलं.

"अवो अवो, हे काय करून राहिली!" कोण म्हणे ते नाही माहीत. मी दाबत राहिली. मंग ते वाजलं. कट्‌कन. वाळली काडी मोडते तसं नाही, ओली फांदी मोडते तसं. आवाज कानात कमी अन् तळव्यात जास्त आला. आईनंही ऐकला. आईनं मागून माही वेणी धरली अन् ओढली, "सोड माह्या पोरीले! मारून टाकते का? सोड!" मान मागं गेली माही, पण हात नाही उचलले. डोळे वर छताकडे अन् हात तुह्यावर. मले आता वाटते मी किती भयानक दिसली असन.

ॲम्बुलन्सवाले आले तवा त्यातला एक जण म्हणे, "दीदी, हटिए, अब हम करते हैं," अन् त्यानं माह्या हाताच्या जागी आपले हात ठेवले, जसं एकीकडून दुसरीकडं लेकरू घेते तसं, मधात जागा न सोडता. मंग तुले घेऊन गेले. मी भितीले टेकून बसली. चिमी रडत होती अन् कोणी तिले माह्याजवळ देईना.

विहाराची समिती स्मरणिका काढून राहिली, ताई. ते म्हणे, प्रज्ञाच्या आठवणी लिहा, शिक्षण लिहा, मेडलं लिहा. शिक्षण अन् मेडलं तुह्या भावानं लिहून देल्ली आहेत, मोठ्या अक्षरात, ते पहिल्या पानावर येतीन. हे मी लिहून राहिली. मले दहावीच्या पुढचं येत नाही, तं जसं बोलते तसंच लिहीन. तुले आयुष्यभर "तुम्ही" म्हटलं, कारण तू माह्या नवऱ्याची बहीण. तू चिडायची, "मी काय साहेब आहो का? तू म्हण." माही जीभच वळत नव्हती. आता वळते.

तुमसरवरून लग्न होऊन रायपुरात आली तवा मले समजतच नव्हतं तू काय शिकून राहिली. सगळे कॉलेज करून नोकरीले लागले अन् तू अजून शिकतच. आई पाहुण्याईले सांगायची, "कसरतीचं शिकते. एम.ए. नाही, कसरतीचं." पाहुणे म्हणे, मंग पहिलवान होणार का? तू तोंडात पोहे असतानाच म्हणे, "हाव, पहिली कुस्ती तुमच्यासंगच." बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, ते पेपरामागून हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, मले वाटे हे घर असं कसं, इथं पोट्टी पाहुण्यालेच कुस्तीले बलावते.

मंग चिमी झाली अन् मले दम लागाले लागला. पाण्याची बालटी घेऊन जिना चढली की छातीत कोणी बसलं आहे असं वाटे. आई म्हणे बाळंतपणाची कमजोरी, डिंकाचे लाडू खा, कान बांध, हवेत जाऊ नको. मी कान बांधून बसली. एक दिवस तू जिन्यात मले पाहिलं, मी अर्ध्या पायरीवर बसली होती, बालटी बाजूले. तू माह्यासमोर खालच्या पायरीवर बसली अन् माह्या मनगटावर बोट ठेवलं अन् घड्याळ पाहत राहिली. मले वाटलं हात धरून दिलासा देते. तू मनातल्या मनात मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणे, "सोनी, तू तं माह्या थीसिसमध्ये बसली आहे अन् मी कॉलेजात खेळाडू शोधून राहिली."

दुसऱ्या दिवशी तू मले रक्त तपासाले नेलं. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. अन् तुह्या डोक्यात किडा सुरू झाला. तुह्या थीसिसच्या सरांईले खेळणारे पोट्टे पाहिजे होते, त्याईचं काम सोपं, बलावलं की येतात, पळ म्हटलं की पळतात. तू अडून बसली की बाळंतीण बायाच घेणार. त्याईले दम काहून लागते, अन् रोज चालल्यानं तो कमी होते का. सर म्हणे, "प्रज्ञा, ये औरतें आएँगी ही नहीं." तू घरी येऊन पाय आपटत फिरली. "माही वहिनी येईन! अन् वहिनी आली की पारा येईन, अख्खा मोहल्ला!" मले विचारलंच नाही, डायरेक्ट नाव टाकून मोकळी.

मंग मात्र विचारलं. संमतीचा कागद समोर ठेवला अन् म्हणे वाच, पूर्ण वाच, वाचल्याशिवाय सही नाही. मी वाचला, अडकत अडकत. त्यात लिहिलं होतं की मी केव्हाही नाही म्हणू शकते, कारण सांगावं लागणार नाही, अन् कोणी रागावणार नाही. मी म्हटलं, हे खरं आहे का? तू म्हणे, "हाव, नियम आहे." मी सही केली तवा मले हसू येत होतं. माह्या लग्नात, चिमीच्या वेळेस, कशातच मले कोणी असं म्हटलं नव्हतं. तुले वाटलं मी थीसिसच्या खुशीत हसून राहिली.

अन् त्या बाया, ताई! दिलाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा ब्लाउजच्या आतून बांधाचा म्हटलं तं अर्ध्या पळाल्या होत्या. आईनंच त्याईले परत आणलं, "पोट्टी आपलीच आहे, दार बंद आहे, काय लाजता." आई तुह्यासाठी विहाराच्या हॉलच्या दारावर खुर्ची टाकून बसायची अन् आत कोणी माणूस फिरकला तं त्याले पिटाळायची. अन् तू बायाईचे दोन भाग केले. एक भाग रोज सकाळी तेलीबांध्याच्या तलावाले चक्कर माराचा, दुसरा भाग जसा आहे तसा घरी. मंग दोन्ही भागाईची परत खोक्यावर तपासणी. तुह्या कॉलेजात हे बरोबर असन. आपल्या पाऱ्यात नाही झालं. घरच्या भागातल्या बायाईले वाटलं, लग्नाले बलावलं अन् पंगतीत बसवलं नाही. "आमीच काहून नाही? आमच्यात काय कमी आहे?" त्या रुसल्या, अन् रुसून काय करतीन? संध्याकाळी लपून तलावावर चालाले गेल्या! लेकरं घेऊन, नटूनथटून. तुले भेळवाल्याजवळ सापडल्या. तू कपाळावर हात मारून फुटपाथवर बसली. "माही तुलनाच गेली वो, तुलनाच गेली." अन् त्या म्हणे, "दीदी, रागावू नका, आमचाही दम कमी झाला न." तू रडता रडता हसाले लागली. मी तुले असं हसताना पुन्हा नाही पाहिलं. मंग तू नव्यानं बाया शोधल्या, नव्यानं सुरुवात केली, सरांईच्या शिव्या खाल्ल्या.

माहा दम कमी झाला, ताई. हे तुले सांगाचं राहिलं असं नाही, तुले आकड्यात माहीत होतं. पण आकड्यात येत नाही ते सांगाचं राहिलं. तलावाच्या काठानं चालताना चिमीची गाडी मी ढकलायची अन् तू बाजूनं बोलत राहायची, नवा रायपूरकडं जाणाऱ्या मोठमोठ्या गाड्या पाहून म्हणायची, "तिकडं नोकरी लागली की पहिल्या पगारात आईले खरे बूट घेईन." मले वाटे, बोलण्यात दम कशाले घालवू, हे चालणं पुरलं पाहिजे. लग्नानंतर मी घराबाहेर काही काम नसताना निघाली ते तेवढीच. तुहे आभार मी नाही मानले. घरात कोणी मानते का?

उशीचं तेव्हाच झालं. सरांईनं म्हटलं होतं की तपासणी चालू असताना छाती दाबता येणारं दुसरं माणूस पाहिजे, एखादी बाई कोसळली तं. ते काम येणारी तुही कॉलेजातली मैत्रीण रोज येऊ शकत नव्हती. तू मले दुपारी खोलीत घेतलं, चिमीच्या खालची उशी ओढली, पोट्टी तशीच झोपली राहिली, अन् उशी फरशीवर ठेवली. "खलबत्त्यात दाणे कुटते न? तसं. पण हात वाकवू नको, अख्खं अंग वापर. अन् थांबू नको." मी उशी कुटली. दार लोटून आई आली, म्हणे, "कापूस पिंजता का?" तू म्हणे, "हाव आई, सुनेले धंदा शिकवून राहिली."

मी तुले विचारलं होतं, "अन् लोक मले ओढतीन तं?" तू म्हणे, "ओढू दे." मी म्हटलं, "तुमाले काय, तुम्ही मॅडम आहा. मले मारतीन लोक. बाईच्या छातीवर हात ठेवला म्हणून मारतीन." तू म्हणे, "मेलेल्या माणसाचं अजून वाईट काय होईन? दाबलं तं काही तरी आशा." मी म्हटलं, "माह्याकडून नाही होणार." तू म्हणे, "होईन." मी म्हटलं, "नाही." तेवढ्यात चिमी उठली अन् भांडण तसंच राहिलं. ते भांडण अजून तसंच आहे, ताई. मी केलं अन् तू उठली नाही. कोण जिंकलं?

अन् एक गोष्ट. मी रोज तेच उलटून पाहते. हाडाचं तू सांगितलं होतं का? हाड मोडते, मोडलं तरी थांबू नको, असं तू म्हणाली होती का? मी आठवून आठवून थकली. भाजी चिरता चिरता सुरी थांबते. तू काय काय म्हणाली ते सगळं आठवते, कापूस आठवते, खलबत्ता आठवते. ते आठवत नाही. अन् उशीले हाडं नसतात, ताई. उशी वाजत नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तुह्या भावाले बाजूले घेऊन बोलले. दिल की धड़कन में जन्म से गड़बड़ रही होगी, किसी को पता नहीं चलता. तू सगळ्याईचं दिल मोजलं, तुहं कोणी मोजलं नव्हतं, मोजलं असतं तरी दिसलं असतं की नाही कोणाले माहीत. अन् म्हणे, पसली टूटना होता है, ठीक से दबाओ तो टूटती है. हे त्यानं मले घरी येऊन सांगितलं, भनपुरीच्या गोदामातून सुट्टी काढून तो तवा रोज घरीच होता. पण आई हॉस्पिटलात दाराशीच उभी होती, अन् आईनं त्यातलं एवढंच ऐकलं की पसली टूटी, बरगडी मोडली.

तवापासून आई माह्या हातचा चहा घेत नाही. स्वतः उठते, स्वतः मांडते, गुडघे दुखत असले तरी. चिमीले घेते, चिमीले न्हाऊ घालते, मले भांडं मागत नाही. पाऱ्यातल्या बाया नळावर गप्प होतात. एकीनं तोंडावर म्हटलं, "तुनं हिंमत केली वो," अन् म्हणताना माह्या तळव्याकडं पाहिलं. तुह्या पुण्यानुमोदनाच्या सभेले हॉल भरला होता. सगळे बोलले, तुह्या शाळेतल्या बाई बोलल्या, समितीचे भाऊ बोलले. मी मागं चिमीले दूध पाजत बसली होती. मले कोणी बोल म्हटलं नाही, अन् म्हटलं असतं तं मी काय बोलणार होती, माईकवर?

मंग मागच्या आठवड्यात तुहे सर घरी आले. खाली मान घालून बसले, चहा तसाच ठेवला. म्हणे, प्रज्ञाचं काम जवळपास झालेलं आहे, बायाईची फक्त शेवटची तपासणी राहिली. दुसरी एक विद्यार्थिनी करून देईन. पूर्ण झालं तं प्रज्ञाच्याच नावानं जमा कराची परवानगी मागतो, मिळेलच असं नाही सांगत, पण मागतो. फक्त बाया येत नाही म्हणून राहिल्या. "माताजी, आप कहेंगी तो आएँगी."

आई भितीकडं पाहत होती. चिमी तिच्या मांडीवर. मले वाटलं आता म्हणन, जाळा ते थीसिस. तिनं माह्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. अन् म्हणे, "तिले दुखलं असन का वो?"

सर लगेच म्हणे, "नहीं माताजी, उस समय कुछ महसूस नहीं होता, बिल्कुल नहीं."

"तुमाले नाही विचारलं, सर," आई म्हणे. "हिले विचारलं. हात हिचे होते."

ताई, मले ते माहीतच नाही. कारण मी तुह्या तोंडाकडं पाहतच नव्हती. मी कोपरं सरळ आहेत का ते पाहत होती.

आई मंग बोलत राहिली, हळू, रागात नाही. म्हणे, ती जाणारच होती, डॉक्टरांईनं सांगितलं. मंग अख्खी गेली असती. मी तिले न्हाऊ घातलं शेवटचं, तिथं हात लावला तं हाललं. लहानपणी ती पडली की मी आधी हाडं चाचपायची. म्हणे, "ही थांबली असती तं माही पोरगी अख्खी गेली असती." बाबा उठून आत गेले. मी म्हटलं, "आई, मी थांबली असती तं तुम्ही मले आज काय म्हटलं असतं?" हे मी मोठ्यानं म्हटलं, सरांईसमोर. माह्या तोंडून असं कधी निघालं नाही. आईनं चिमीले मांडीवर सारखं केलं. मंग म्हणे, "तेच म्हटलं असतं. काहून थांबली, म्हटलं असतं."

अन् तिनं सरांईले सांगितलं, "हॉल उघडून देईन. बायाईले सांगते. पण दारावर मी नाही बसणार." मले म्हणे, "तू जाशील तं जा. पोट्टीले मी पाहीन." बाया म्हणे सोनी पहिले चढन तं आम्ही चढू. उद्या सकाळी तेच खोकं, तेच यंत्र. मी जाते, ताई. भेव वाटते, पण जाते. खोक्यावर चढताना तुह्या पडल्या जागेकडं पाठ ठेवू की तोंड, तेवढं अजून ठरलं नाही.

हे स्मरणिकेत येईन, तं वाचणाऱ्याईले विचारते, कारण घरात आता कोणाले विचाराचं राहिलं नाही. तुमच्या हाताखाली तुमचं माणूस. तोंड हालते अन् श्वास नाही. सगळे म्हणून राहिले थांब. मागून आई केस ओढते, जिची ती लेक आहे. अन् तळव्यात ते हाड मोडलं. पुढचं दाबणं तिथंच, त्याच मोडल्या जागेवर पडणार आहे, हे तुमाले माहीत आहे. तुम्ही दाबलं असतं का? खरं सांगा. तुम्ही काय केलं असतं?